औषधाची परीक्षा : वैद्यकीय संशोधनापुढील अडचणी

औषध घेतले आणि माणूस बरा झाला, एवढ्यावरून तो औषधामुळेच बरा झाला असे ठरत नाही. सर्दी, ताप, जुलाब असे कितीतरी आजार शरीर आपले आपणच परतवून लावते. दमा, संधिवात, अर्धशिशी यांचा त्रास मुळातच कमीजास्त होत असतो. तो अगदी असह्य झाला की रुग्ण दवाखाना गाठतो, आणि त्यानंतर पडलेला उतार काहीही न करता पडला असता का, हे कळायला मार्ग उरत नाही. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे, या दिलाशानेही दुखणे हलके वाटते. या साऱ्यातून उपचाराचा खरा वाटा वेगळा काढून दाखवणे हे वैद्यकीय संशोधनाचे मुख्य काम आहे. हे काम जिवंत माणसांवर, त्यांच्या संमतीने आणि त्यांना इजा न होऊ देता करायचे असते. त्यामुळे संशोधनाच्या प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न उभे राहतात : निघालेले उत्तर खरे आहे का, आणि ते मिळवताना कोणावर अन्याय तर झाला नाही ना?

कोणाला तपासायचे?

पहिली अडचण संशोधनासाठी माणसे निवडण्याची आहे. रुग्णालयात येणाऱ्यांची पाहणी सोपी असते, पण रुग्णालयात न येणाऱ्यांचे काय, हे तिच्यातून कळत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास याचे बोलके उदाहरण आहे. दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता त्यांनी गावातील स्त्रियांनाच तपासणीसाठी बोलावले. ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध होईपर्यंत ग्रामीण स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच विचार सरकारी योजनांत प्रामुख्याने होत असे. आजार तर होताच, पण तो मोजण्याची पद्धत त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

औषधांच्या चाचण्यांतही असेच घडत आले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळण्याची सूचना केली. पोटातील बाळाला अपाय होऊ नये, हा हेतू चांगला होता. हे धोरण १९९३ मध्ये बदलले, पण दरम्यान अनेक औषधांचे प्रमाण मुख्यतः पुरुषांवरून ठरत गेले. झोल्पिडेम हे झोपेचे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळीही त्याचा अंमल राहतो, हे ध्यानात घेऊन २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची मात्रा निम्मी करण्यात आली. मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि एकाच वेळी तीनचार आजार असणारे रुग्ण यांना आजही बऱ्याच चाचण्यांत घेतले जात नाही. मान्यता मिळालेले औषध मात्र त्यांनाही दिले जाते.

प्राण्यांपासून माणसापर्यंत

नवे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासले जाते. ही पायरी आवश्यक असली तरी पुरेशी नसते. मार्च २००६ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयाच्या आवारात टीजीएन १४१२ हे नवे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना प्रथमच देण्यात आले. माकडांना जी मात्रा सोसली होती तिचा पाचशेवा भाग त्यांना दिला होता. तरीही काही तासांतच त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटली आणि अनेक अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, पण त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. प्रथमच दिले जाणारे औषध सगळ्यांना एकदम न देता आधी एकाला द्यावे, पुरेसा वेळ जाऊ द्यावा आणि मगच दुसऱ्याला द्यावे, ही दक्षता या प्रसंगानंतर कटाक्षाने घेतली जाऊ लागली.

तुलना कोणाशी?

औषधाचा गुण कळायला ते घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी करावी लागते, आणि हे दोन्ही गट बाकी सर्व बाबतींत सारखे असावे लागतात. मुंबईत प्लेगचा कहर चालू असताना वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा केली. पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली आणि बाकीच्यांशी त्यांची तुलना केली. एकच आवार, सारखेच अन्न आणि साथीचा सारखाच धोका, ही त्या प्रयोगाची जमेची बाजू होती. लस घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला. आजचा संशोधक मात्र इथे दोन शंका काढील. स्वतःहून पुढे येणारे कैदी मुळातच इतरांपेक्षा धडधाकट असतील, तर फरक लसीचा की प्रकृतीचा? आणि गजाआड असलेल्या माणसाने दिलेली संमती कितपत मोकळी मानायची?

पहिली शंका किती मोलाची आहे, हे पुढे शंभर वर्षांनी एका मोठ्या प्रकरणात दिसले. पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक पाहण्यांतून दिसत होते आणि लाखो स्त्रिया त्या गोळ्या घेत होत्या. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर झालेल्या रीतसर चाचणीत याच्या उलट चित्र दिसले. एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या संप्रेरकांची जोडी घेणाऱ्या गटात हृदयविकार आणि स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण वाढलेले आढळल्याने जुलै २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. आधीच्या पाहण्यांतील गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतील आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. त्यांच्या हृदयाला मिळालेल्या संरक्षणाचे श्रेय गोळ्यांच्या खात्यावर जमा झाले होते.

यावरचा उपाय म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरने किंवा रुग्णाने न ठरवता चिठ्ठीवर सोपवणे. याला यादृच्छिक विभागणी म्हणतात. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच पद्धतीने केली. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी तिची आखणी केली होती. औषधाचा साठा तुटपुंजा होता, सर्वांना देणे शक्यच नव्हते. म्हणून बंद पाकिटांतील क्रमानुसार ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना त्या काळचा रूढ उपचार म्हणजे फक्त विश्रांती देण्यात आली. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. छातीचे एक्स-रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला आहे हे सांगितलेले नव्हते. गुण येईल अशी आशा असली की तज्ज्ञाच्या नजरेलाही सुधारणा दिसू लागते, म्हणून हे झाकून ठेवणे गरजेचे असते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी पुढच्या चाचण्यांचा नमुना ठरली.

सगळीकडे अशी विभागणी शक्य नसते. धूम्रपानाचे परिणाम पाहण्यासाठी कोणाला चिठ्ठी काढून सिगारेट ओढायला लावता येत नाही. शस्त्रक्रिया झाली की नाही, हे रुग्णापासून लपवणेही अवघड असते. अशा वेळी वर्षानुवर्षांच्या पाहण्यांवर आणि वेगवेगळ्या मार्गांनी मिळालेल्या पुराव्यांच्या मेळावर भिस्त ठेवावी लागते.

किती माणसे, किती वर्षे?

उपचाराचा परिणाम जितका लहान, तितकी जास्त माणसे लागतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच अ‍ॅस्पिरिन द्यावे की नाही, हे ठरवायला १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत १७,१८७ रुग्ण घ्यावे लागले. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावणाऱ्यांचे प्रमाण अ‍ॅस्पिरिनमुळे ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. शंभरात दोन-अडीच जीव वाचवणारा हा फरक दोनशे रुग्णांच्या चाचणीत योगायोगापासून वेगळा ओळखताच आला नसता. याच संशोधकांनी आणखी एक धडा घालून दिला. त्यांनी रुग्णांची विभागणी राशींनुसार करून दाखवली, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही, असे आकडे निघाले. राशीचा औषधाशी काही संबंध नव्हता. माहितीचे पुरेसे तुकडे पाडले की एखाद्या तुकड्यात केवळ योगायोगाने वेगळा निकाल दिसतोच, हे त्यांना दाखवायचे होते. म्हणून कोणता प्रश्न विचारायचा आणि आकडे कसे तपासायचे, हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवावे लागते.

कर्करोगासारख्या आजारात माणसांइतकीच वर्षेही लागतात. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावले की संशयास्पद भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ही साधी तपासणी केली. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. मुंबईसारख्या शहरात इतकी वर्षे पाठपुरावा करणे सोपे नसते. वस्ती उठते, भाडेकरू बदलतात, कोणी कायमचे गावी जाते. मध्येच निघून गेलेली माणसे राहिलेल्यांपेक्षा जास्त आजारी असतील, तर उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा आशादायक ठरतो.

घरी दिलेले औषध रुग्ण खरोखर घेतो का, हाही प्रश्न असतो. १९५६ मध्ये मद्रासमध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्रात १९३ रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवून, तर काहींना घरीच राहू देऊन तीच औषधे दिली. संशोधक अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासून औषध पोटात गेल्याची खात्री करून घेत. दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या आहारावर राहणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्यांच्या जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. १९५९ च्या या निष्कर्षाने क्षयावरचा उपचार जगभर रुग्णाच्या घरापर्यंत नेला. गोळ्या मोजण्याचे कंटाळवाणे काम चोख झाले नसते, तर या निकालावर कोणी विश्वास ठेवला नसता.

काय मोजायचे?

मृत्यू किंवा अपंगत्व टळले का, हे कळायला वर्षे लागतात. म्हणून संशोधक लवकर मोजता येणाऱ्या खुणांकडे वळतात : रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, गाठीचा आकार. खूण सुधारली म्हणजे रुग्णाचे भले झाले, असे मात्र गृहीत धरता येत नाही. झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या हृदयाचे अनियमित ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी कमी होत, आणि ठोके नियमित झाले की मृत्यू टळतील अशी डॉक्टरांची खात्री होती. प्रत्यक्ष चाचणीत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण, तर औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६ जण दगावले. ठोके सुधारले होते आणि माणसे मरत होती. चाचणीतील हा भाग १९८९ मध्ये थांबवला गेला. ती झालीच नसती, तर ही औषधे उत्तम हेतूने दिली जात राहिली असती.

संमती आणि न्याय

आतापर्यंतच्या अडचणी उत्तराच्या खरेपणाच्या आहेत. त्यांच्याइतकीच मोठी अडचण माणसाच्या प्रतिष्ठेची आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालू होते. त्यांना आजाराचे खरे स्वरूप सांगितलेले नव्हते. पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार उपलब्ध झाल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही, आणि हा प्रकार १९७२ मध्ये उघडकीस येईपर्यंत चालला. नाझी छळछावण्यांतील प्रयोगांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेम्बर्ग संहिता आणि १९६४ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला. सहभागी होणाऱ्याला सारे समजावून सांगून त्याची संमती घ्यावी आणि विज्ञानाच्या लाभापेक्षा त्याचे हित वरचे मानावे, ही आज सर्वत्र मान्य असलेली तत्त्वे त्यांत मांडली आहेत.

कागदावर सही मिळवणे आणि समजून दिलेली संमती मिळवणे यांत मोठे अंतर आहे. भारतातील सरकारी रुग्णालयात आलेल्या गरीब रुग्णाला समोरचा डॉक्टर आणि संशोधक एकच दिसतो. ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं,’ हे त्याचे उत्तर विश्वासाचे असते, आणि नकार दिला तर उपचार थांबतील या धास्तीचेही असू शकते. चिठ्ठीने ठरणारा उपचार, निष्क्रिय गोळी, केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क या गोष्टी त्याच्या भाषेत आणि पुरेसा वेळ देऊन सांगाव्या लागतात. भारतात २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार प्रत्येक चाचणीला नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, चाचणीमुळे इजा झालेल्याला मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते, आणि नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकांतील व्यक्तीची संमती दृक्‌-श्राव्य रूपात नोंदवावी लागते. या नियमांचा खरा कस समितीच्या बैठकीत नव्हे, वॉर्डातील त्या संभाषणात लागतो.

तुलनागटाला काय द्यायचे, हा प्रश्न सर्वांत बोचरा असतो. मुंबईच्या वर उल्लेखलेल्या अभ्यासात निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांना कर्करोगाची माहिती दिली गेली, पण तपासणी झाली नाही. पुढे यावर जोरदार टीका झाली. पाश्चात्त्य देशांत प्रचलित असलेली कर्करोगाची तपासणी या स्त्रियांना का मिळाली नाही, असा आक्षेप होता. ती तपासणी भारतातील सामान्य स्त्रीला मिळतच नव्हती आणि परवडणारा पर्याय उपयोगी आहे की नाही हे शोधणेच गरजेचे होते, असे संशोधकांच्या बाजूने सांगितले गेले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच असे निर्णय एकट्या संशोधकावर सोडता येत नाहीत.

पैसा, प्रसिद्धी आणि घाई

मोठ्या चाचण्या खर्चिक असतात आणि त्यांतील बऱ्याच औषध कंपन्यांच्या पैशावर चालतात. ज्या आजाराचे रुग्ण गरीब, त्याच्यावर संशोधन कमी. १९६० च्या दशकातील रिफाम्पिसिननंतर क्षयावर सर्वस्वी नव्या पद्धतीने काम करणारे बेडाक्विलीन हे औषध मान्य व्हायला २०१२ साल उजाडले.

हाती आलेले निकाल प्रसिद्ध होण्यातही भेदभाव होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या नैराश्यावरील औषधांच्या ७४ चाचण्यांचा मागोवा २००८ मध्ये घेतला गेला. औषधाच्या बाजूने निकाल असलेल्या ३८ पैकी ३७ चाचण्या छापून आल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नव्हत्या आणि ११ चाचण्या निकाल अनुकूल वाटेल अशा रीतीने मांडलेल्या होत्या. नियतकालिके वाचून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला यातले काहीच दिसत नाही. अपयशी चाचणी दडवली की पुढचे रुग्ण पुन्हा त्याच निष्फळ उपचाराला सामोरे जातात. म्हणून चाचणीची जाहीर नोंद आधीच करण्याची पद्धत आली. भारतात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी ती बंधनकारक झाली. ती कोणालाही पाहता येते.

साथीच्या काळात या सर्व अडचणी एकदम अंगावर येतात. २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांसाठी नातेवाईक आजारातून बरे झालेल्या प्लाझ्मादात्यांच्या शोधात रात्रंदिवस धावत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच धामधुमीत ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. आजार बळावण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्या गटात १९ टक्के आणि न दिलेल्या गटात १८ टक्के निघाले. तरीही प्लाझ्मा सरकारी उपचारसूचीतून वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत असंख्य कुटुंबांची तशीच वणवण झाल्यावर. ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांवर झालेल्या चाचणीने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे दाखवून दिले. घाईच्या काळातही चिठ्ठी टाकून केलेली तुलना शक्य असते आणि तीच जीव वाचवते.

निष्कर्षापासून उपचारापर्यंत

शेवटची अडचण सिद्ध झालेली गोष्ट लोकांपर्यंत पोचवण्याची असते. ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावांशी तुलना केली. बाळंतपणे घरीच होत असल्याने आधी प्रत्येक जन्म आणि मृत्यूची नोंद होईल अशी व्यवस्था उभी करावी लागली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. चार-पाच वर्षांच्या अभ्यासाला देशभर पोचायला बारा वर्षे लागली.

हे अंतर कमी करायचे तर संशोधनाला निधीबरोबर विश्वासही लागतो. चाचणीत सहभागी होणारा माणूस बहुधा स्वतःपेक्षा पुढच्या रुग्णांच्या कामी येतो. त्याला सर्व काही सांगणे, त्याची काळजी वाहणे आणि निकाल काहीही आला तरी तो प्रामाणिकपणे जाहीर करणे, हे त्याचे ऋण आहे. ते जिथे फेडले जाते, तिथेच पुढच्या चाचणीसाठी लोक पुढे येतात.